दोन दिवसांच्या वासराचं दूध

नागपूर

अंकुशदादा, जय भीम.

मी होस्टेलवर बरी आहो, आईले सांगजो. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहून राहिली.

दोन दिवसांचं वासरू सुस्त दिसलं, तू त्याचं रक्त तपासून घेतलं, चांगलं केलं. पण तो गावातला औषधवाला आकडा पाहून म्हणाला, "किडनी गेली, दूध वाया घालू नका," आन् तू त्याचं दूध तोडलं? मले काहून नाही विचारलं? मी इथं जनावरांची डॉक्टरकीच तर शिकून राहिली! नवजात वासराच्या रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो कचरा, जास्तच असते. किडनी नीट कामाले लागली की ते आपसूक उतरते. त्यानं मोठ्या गाईचा आकडा तान्ह्या वासराले लावला, आन् तू मान डोलावली!

ते जगलं कसं, माहीत आहे? काल आई फोनवर रडत बोलली, "मी चोरून पाजत होती वं त्याले. दादाले सांगू नोको."

मी सांगून राहिली. आपल्याच घरात तिले चोरून पाजावं लागलं, याचाच मले जास्त राग आहे. रोज गोठ्यात वाकून तिचा दुखरा गुडघा आणखी सुजला का गा?

हे वाचलं की वासरू तू सोड गाईखाली. आईच्या समोर.

तुझी चिडलेली बहीण,
दीप्ती