साहेबांच्या हुकमाचा चहा

बाबा, तुमच्या चहाची गोष्ट सांगून मी आजवर सासर-माहेर दोन्हीकडे हशा मिळवला आहे. घोटभर चहाने पित्त होऊन डोकं धरून बसणारा हवालदार, आणि त्याला वरून हुकूम येतो चहा प्यायचा!

शहरात दंगल पेटलेली. जमाव नाक्यावरच्या चाचांची बेकरी जाळायला निघालाय हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी तुम्हाला तिथून हटवलं. “तासभर कुठेतरी चहा पीत बसा. आपण काही पाहिलं नाही.” बाकीचे शिपाई हातखंब्याच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीकडे निघाले. तुम्ही मात्र रस्ता ओलांडून बेकरीचंच शटर वाजवलंत. चाचा बायकोपोरांसह मैद्याच्या पोत्यांमागे दडलेले. “उघडा हो. एक च्या टाका,” तुम्ही म्हणालात. हवालदाराचं डोकं फिरलं, असंच त्यांना वाटलं.

जमाव येतो तर काय, दारातल्या बाकावर तुम्ही टोपीसकट बसलेले, समोर वाफाळता कप. पुढची पोरं आपल्याच आळीतली. “काय रे, तुझ्या बापसाची शुगर कशी हाय? टोस्ट ने त्याला,” तुम्ही एकाला म्हणालात. त्याने दगड पाठीमागे लपवला. म्होरक्या ओरडला, “काका, उठा!” तर तुम्ही, “साहेबांनी च्या प्यायला सांगितलानी हाय. संपला की उठतो.” संपणार कसा? तुम्ही त्याला हातच लावत नव्हतात. ताटकळून जमाव पांगला. साहेबांनी तुम्हाला गुहागरला धाडलं. आई म्हणाली, “च्या पचत नाय, बदली बरी पचली!”

परवा मिरवणुकीआधी नाक्यावरचे पोलीस पुन्हा दिसेनासे झाले. मी तडक बेकरीत जाऊन चहा मागवला आणि दारातच बसले. मिरवणूक बेकरीसमोर थांबली, घसा फोडून ओरडली, पुढे गेली. काही झालं नाही. पण माझे हात इतके कापत होते, की कप उचलवेना. मी ते मांडीवर घट्ट धरून ठेवले. चाचांचा मुलगा, आता त्याचेही केस पिकलेत, गार झालेला कप उचलत म्हणाला, “हवालदारकाका पन असेच बसलेले. हात मांडीवरून वर काढलानीच नाय.”

म्हणजे त्या दिवशी कपाला हात न लावण्याचं कारण पित्त नव्हतंच. कप उचलला असता तर पोरांना तुमचा हात दिसला असता.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, चहाच्या डब्याखाली ठेवते. तुम्ही घाबरला असाल, हे इतकी वर्षं हसताना माझ्या मनातही आलं नव्हतं, बाबा.