बॉयलरच्या खोलीतली मानाची जागा

१२ नोव्हेंबर
अकरावीच्या वर्गाला जाहीर केलं: यापुढे आपापलं शिका, जबाबदारी तुमची. ट्रेनिंगमध्ये असंच सांगितलं होतं. आठवड्यात रडत येतील. तोवर स्टाफरूममध्ये चहा.

१९ नोव्हेंबर
कुणी आलं नाही. आयझिरेक नावाच्या मुलीने फिजिक्सचं मंडळ काढलंय. शाळा सुटल्यावर, खाली बॉयलरच्या खोलीत. आमच्या नारिन गावच्या थंडीत तेवढीच एक खोली उबदार. अभ्यास कसला, शेकोटी ती.

२६ नोव्हेंबर
खालून हसण्याचे आवाज. फिजिक्समध्ये हसण्यासारखं काय आहे? माझ्या तासाला आजवर कुणी हसलेलं नाही. बायको म्हणते, तुम्ही जळताय. जळत नाही. काळजी वाटते.

२ डिसेंबर
उद्या अचानक जाणार. असा प्रश्न टाकणार की पोरं गप्प.

३ डिसेंबर
गेलो. सगळे उठून उभे राहिले. गुरुजींना 'आगाय' म्हणून मान देतात, वळण चांगलं आहे. दारासमोर भिंतीशी एकच जाड गादी, रिकामी. आमच्याकडे दारासमोरची जागा वडीलधाऱ्याची, म्हणून ऐटीत बसलो. आयझिरेक हळूच म्हणाली, "आगाय, तुमचं कुठे अडलं?"
यांचा नियम असा: धडा ज्याला समजला नाही त्याने त्या गादीवर बसायचं, बाकीच्यांनी समजावायचं.
उठलो असतो तर मान गेला असता. तोंडाला येईल ते बोललो: इंडक्शन. नुरदीन नावाच्या पोराने तार आणि लोहचुंबक घेऊन करून दाखवलं.
रात्री जेवताना वाटलं, असं असतं होय ते.

१० डिसेंबर
पुन्हा गेलो. निरीक्षणासाठी. गादीवरून निरीक्षण चांगलं होतं. आज ट्रान्सफॉर्मर. सगळे माझ्याकडेच बघून बोलतात. स्टाफमध्ये एवढी आस्था नाही.

१७ डिसेंबर
गादीवर नुरदीन. मला दाराजवळ, कोळशाच्या बादलीशेजारी बसवलं. आयझिरेक म्हणाली, "आगाय, तुमचं आता पक्कं झालंय." सगळे त्या पोराभोवती. मला दोनदा समजावलं होतं, त्याला किती वेळा, मोजणं सोडून दिलं.
शेवटी हात वर केला. म्हणालो, मलाही समजलं नाही.
"थापा नका मारू, आगाय. जरा सरका, कोळसा घालायचाय."
इतकी वर्षं सगळं समजतं म्हणून सांगत आलो, कुणी शंका घेतली नाही. आज समजत नाही म्हणालो, तर एकाचाही विश्वास बसेना.