चाळीस मिलिमीटर खाली

१७ ऑगस्ट, रविवार
आजपासून रोजनिशी. अशी गाडी घेतली की नोंद ठेवावी, असं हर्षद म्हणतो. हर्षद ऑफिसात माझ्या शेजारी बसतो आणि त्याला गाड्यांतलं सगळं कळतं. त्याच्याकडे स्कूटर आहे.

गाडी काल आली. लाल, दोन दारांची. सेकंडहँड आहे पण तशी वाटत नाही. मीही बेचाळीसचा वाटत नाही.

संध्याकाळी गौलीगुड्याला सासऱ्यांना दाखवायला नेली. नाना गणिताचे मास्तर. रिटायर होऊन वीसेक वर्षं झाली, तरी अर्धा मोहल्ला त्यांना सर म्हणतो. त्यांनी गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली आणि मागे कोण बसणार म्हणून विचारलं. मी सांगितलं, तिथे कुणी बसत नसतं. मग सीट काहून ठेवली, म्हणाले. लग्नाला बारा वर्षं झाली. नानांनी मला नापास केलेलं नाही, पण पासही केलेलं नाही. कुणाला ओळख करून देताना 'हे पुण्याचे' एवढंच सांगतात.

येताना बायकोने, अपर्णाने, अट घातली. नऊ नोव्हेंबरला नानांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, आबिड्सच्या हॉलमध्ये. नानांना गौलीगुड्याहून या गाडीतून नीट आणायचं. जमलं तर गाडी राहील. नाही जमलं तर ही विकायची आणि माणसं बसतील अशी घ्यायची. मी ताबडतोब कबूल. गौलीगुडा ते आबिड्स, अंतर ते केवढं.

संकल्प: त्या दिवशी नानांच्या तोंडून एक चांगला शब्द काढायचा.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
हर्षदने पार्किंगमध्ये टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं घालून दाखवली. एवढी फट जीपला शोभते, म्हणाला. तोपर्यंत मला ती फट दिसली नव्हती. आता गाडी दिसत नाही, फटच दिसते.

गाडी खाली घ्यायला हवी. दोन मार्ग. एक, नुसत्या आखूड स्प्रिंग टाकायच्या. गाडी पंचवीस मिलिमीटर खाली येते. दुसरा, कॉइलओव्हर, त्यात स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असतात आणि रिंग फिरवून उंची हवी तशी ठेवता येते. चाळीसपर्यंत.

माझी गाडी रोजच्या वापराची. मलकपेठ ते हायटेक सिटी, रोज. त्यामुळे भावनेच्या आहारी न जाता पंचवीस. निर्णय पक्का.

३१ ऑगस्ट, रविवार
आठवडाभर व्हिडिओ पाहिले. पंचवीसवाले सगळे नंतर पस्तावतात.

अपर्णाला कल्पना दिली. तिने नानांचे गुडघे काढले. मी तिला शांतपणे समजावलं की गाडी जितकी खाली तितकं म्हाताऱ्या माणसाला सोपं, पाय उचलावाच लागत नाही. नाना अजूनही जेवायला पाटावर बसतात. पाटावरून जो माणूस कुणाचा हात न धरता उठतो, त्याला माझी सीट म्हणजे सिंहासन. अपर्णा उठून आत गेली. पटलं असावं.

१३ सप्टेंबर, शनिवार
मुज्जूभाईच्या वर्कशॉपमध्ये गेलो. पंचवीस सांगायलाच गेलो होतो. त्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला की पच्चीस में क्या मजा साब, गाडी जमीन से बातां करना. माणसाला दृष्टी आहे.

चाळीस केलं. यात निर्णय बदलला असं नाही. कॉइलओव्हर केव्हाही वर घेता येतात, म्हणजे हे एका अर्थी पंचवीसच आहे. जुन्या स्प्रिंग माळ्यावर टाकल्या. लागणार नाहीतच.

रात्री जेवणाआधी तीनदा खाली जाऊन पाहून आलो. फट गेली.

१४ सप्टेंबर, रविवार
सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरवर गाडी जमिनीशी बोलली. बराच वेळ बोलली. वॉचमन बाहेर आला. त्याला सांगितलं, नवीन आहे, बसायला वेळ लागतो.

१७ सप्टेंबर, बुधवार
तंत्र सापडलं. स्पीडब्रेकर सरळ घ्यायचाच नाही. रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरपं जायचं, एकेक चाक चढवायचं. पाठीमागे ऑटो, बस, सगळे थांबतात आणि बघत राहतात. इतकं लक्ष या शहरात फार कमी गाड्यांना मिळतं. एका ऑटोवाल्याने तर शेजारी येऊन विचारलं, पार्किंग कर रै क्या भाई.

अपर्णाला घेऊन बाजारात गेलो होतो. गेटपाशी तिला जरा उतरायला सांगितलं. कारण सांगितलं नाही. तिने विचारलं, तरी सांगितलं नाही. परत येताना ती ऑटोने आली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
पाठ धरली आहे. ही स्पोर्ट पोश्चरची लक्षणं. शरीर जुन्या सवयी सोडत असतं. कमरेला पट्टा घेतला.

पुढच्या बंपरखालची काळी पट्टी मोझमजाही मार्केटच्या आसपास कुठेतरी राहिली. तेवढं वजन कमी.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
गाडीची पूजा. झेंडूचा हार, हळदकुंकू, चारी चाकांखाली लिंबं. गेटबाहेर नारळ फोडला आणि गाडी लिंबावरून पुढे घेतली. मोठा आवाज झाला. अपर्णाने विचारलं, लिंबू का. मी हो म्हणालो. नारळाची अर्धी करवंटी आत अडकली होती. ती काढायला वॉचमन आणि मी, दोघे सोवळ्यात असल्यासारखे अंग चोरून आडवे झालो. शेजारच्या रंजनाताई प्रसाद घेऊन आल्या होत्या. त्यांना वाटलं, आमच्याकडची पद्धत.

१३ ऑक्टोबर, सोमवार
अपर्णाने नऊ तारखेची आठवण करून दिली. मी म्हणालो, गाडी थोडी वर घेऊ, हाय काय नाय काय. मुज्जूभाईकडे गेलो. रिंगांत चिखल जाऊन सगळं जाम. जोर लावला तर तुटतील, म्हणाला; नवीन रिंगा मागवायच्या तर दिवाळीनंतरच, तोपर्यंत ऐसाच चलाव, आहिस्ता. माळ्यावरच्या स्प्रिंगचा विषय मी काढला नाही. म्हणजे उंची आता पक्की झाली. अस्थिर गाडीपेक्षा बरंच.

तूर्त ऑफिसला मेट्रोने. मलकपेठहून बसायचं, अमीरपेठला बदलायचं. खूप सोयीचं आहे. गाडी रोजच्या वापराचीच आहे, फक्त रोज वापरत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
पहाटे रंगीत तालीम. नानांच्या वजनाइतकी तांदळाची पोती शेजारच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला. गौलीगुडा, कोठी चौक, आबिड्स. रस्ता मोकळा, सगळीकडे तिरपं जाता आलं, एक ओरखडा नाही. तांदूळ वाटभर एक शब्द बोलले नाहीत. नानाही बोलत नाहीत, तेव्हा तालीम अगदी खऱ्यासारखी झाली.

परतून अपर्णाला सांगितलं, काळजी सोड. तिने आधी तांदूळ वर आणायला सांगितले.

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळी ८.५०. नानांच्या दारात. अपर्णा तिच्या आईंना घेऊन ऑटोने पुढे गेली. हॉलवर साडेदहाला पूजा. नाना रेशमी उपरणं घेऊन आले, गाडीकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि पाटावर बसावं तसे बसले. कुणाचा हात धरला नाही. मी बरोबर होतो.

९.०५. गल्लीतला स्पीडब्रेकर. दोन्ही बाजूंना हातगाड्या आणि स्कूटर, तिरपं जायला जागा नाही. सरळ जावं लागलं. गाडीच्या पोटाखालून जे ऐकू आलं त्यावर नानांनी विचारलं की काही राहिलं का खाली. त्यांना क्षणभर उतरायची विनंती केली. उतरले. गाडी पार. पुन्हा बसले. याला म्हणतात सहकार्य.

९.२०. पाण्याच्या पाइपासाठी रस्ता आडवा खणून भरलाय. उंचवटा. नाना उतरले. बांगड्यांच्या दुकानवाल्याने त्यांना बसायला खुर्ची दिली. सर, पैचाना क्या, मी चौथ्या बाकावरचा, वगैरे. चहा आला. मला नाही.

९.४०. मॅनहोलचं झाकण रस्त्याच्या वर आलेलं. मी काही म्हणायच्या आत नाना दार उघडून मोकळे. जरा चालतो म्हणाले, तुम्ही या मागून. मी मागून. पार्किंगचे दिवे लुकलुकत ठेवलेत, सुरक्षिततेसाठी.

१०.०५. कोठी. नानांबरोबर आता सात-आठ माणसं आहेत. एकाने हार घातलाय. एक जण त्यांच्यावर छत्री धरून चाललाय. ट्रॅफिकच्या हवालदाराला ही मिरवणूक वाटली, त्याने बाकीच्या गाड्या थांबवून आम्हाला जाऊ दिलं. मी पहिल्या गिअरमध्ये. क्लचचा वास येतोय. तो बाहेरचा असावा.

१०.३५. आबिड्स. फुटपाथवरचा रविवारचा पुस्तकबाजार. नाना एका ढिगापाशी वाकून जुनं भूमितीचं पुस्तक चाळताहेत आणि मंडळी त्यांच्याभोवती घोळका करून प्रमेय ऐकताहेत. अपर्णाचे फोन येताहेत. मी उचलत नाही, गाडी चालवताना फोन बरा नव्हे.

रात्र. नाना पूजेला अर्धा तास उशिरा, पायी, वीसेक माणसांसह पोचले. मी हॉलच्या दारातल्या उतारावर अडकलो, तिथेच गाडी सोडून आत गेलो. अपर्णाने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिकडे बघायचं टाळलं. अटीप्रमाणे गाडी गेली, हे मला कळून चुकलं. खरंच वाईट वाटलं.

मग नाना बोलायला उभे राहिले. म्हणाले, एक्क्याऐंशी वर्षं या गल्ल्यांत काढली, पण गुडघे धरल्यापासून ऑटोत बसून जातो, कुणी दिसत नाही. आज सगळे भेटले. माझं नाव घेतलं नाही, गाडीचंही नाही. पण गाडी वर असती तर ते उतरले असते का? सगळं श्रेय चाळीस मिलिमीटरला.

१० नोव्हेंबर, सोमवार
हे मी अपर्णाला समजावून सांगितलं. तिचा निकाल: नाना खूश झाले म्हणून गाडी राहील. पण आतलं सगळं काढून मूळच्या स्प्रिंग टाकायच्या, आणि दर रविवारी नानांना पुस्तकबाजारात नेऊन आणायचं. उतरायला न लावता.

माळ्यावरून स्प्रिंग काढल्या. मी त्या टाकून दिल्या नव्हत्या, यालाच दूरदृष्टी म्हणतात.

२३ नोव्हेंबर, रविवार
फट परत आली. पण आज गाडी लोण्यासारखी चालली. स्पीडब्रेकर, पाइप, मॅनहोल, सगळं सरळ. नानांना एकदाही उतरावं लागलं नाही. बांगड्यांचं दुकान कधी गेलं कळलं नाही.

आबिड्सला थांबलो. नाना काच खाली करून बाहेर बघत बसले. मी विचारलं, कशी वाटली. आलो का, म्हणाले. हो म्हटलं. काच वर करत म्हणाले, आज कुणीच भेटलं नाही.

पुस्तकं न बघता घरी आलो. येतानाही एकदाही उतरावं लागलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार
नानांचा निरोप, अपर्णामार्फत: उद्या गाडी नक्को, ते चालत जाणार आहेत. दम लागला तर वाटेत खुर्च्या आहेत. अपर्णा म्हणाली, एकटे कसे जातील.

३० नोव्हेंबर, रविवार
नानांबरोबर चालत आबिड्स. पिशवी माझ्याकडे, छत्री माझ्याकडे. कमरेचा पट्टा लावला नव्हता, तरी पाठ दुखली नाही. याची कारणं शोधायची आहेत.

बांगड्यांच्या दुकानापाशी खुर्ची आली. या वेळी चहा मलाही. दुकानवाल्याने मला निरखून पाहिलं आणि नानांना विचारलं, उस दिन लाल गाडी लेके पीछे पीछे आए सो ड्रायवर यहीच ना. मी बोलणार होतो. पण नाना बशीतला चहा संपवून, तोंड पुसून म्हणाले, हौ, हमारेच हैं. बहोत आहिस्ता चलाते. भरोसे का आदमी.

बारा वर्षांत पहिल्यांदा. जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे.

गाडी आठवडाभर उभी राहून बॅटरी उतरली. उद्या मेट्रो.