मास्तरांचा मास्तर

१२ सप्टेंबर २००४, रविवार. रेडमंड.

रोजनिशी पुन्हा सुरू. मागची जानेवारीत सुरू केली होती, ती जानेवारीतच कामाच्या प्रेशरमुळे थांबली. या वेळी थांबणार नाही. या वेळी विषय आहे.

आज सिअ‍ॅटलला लायब्ररीत एक भाषण ऐकलं. कॅनडाच्या पार वरच्या टोकाच्या बर्फातल्या गावातून आलेली एक इनुइट बाई. त्यांची भाषा इनुक्टुट. पोरं इंग्रजी बोलायला लागली, आज्या एकट्या पडल्या, म्हणून ही बाई गावोगाव शिक्षक तयार करते. आधी मुलांना नाही, शिक्षकांना शिकवायचं! अंगावर काटाच आला. अरे, हे तर आमचंच दुखणं! मधल्या सुट्टीत निघालो (परतीच्या ५२० हायवेच्या पुलावरचं ट्रॅफिक), पण मुद्दा पूर्ण कळला होता.

राधिका आता नऊ वर्षांची. जुलैमध्ये आईकडे गेलो होतो. आई मराठीत विचारायची, ही इंग्रजीत उत्तर द्यायची, मग दोघी दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारख्या गप्प. आई मार्चमध्ये सहा महिन्यांसाठी इकडे येतेय. तोवर राधिका आजीशी घडाघडा बोलली पाहिजे. माझ्याशीही. एवढं जमलं नाही तर मी बाप कसला?

संकल्प: रेडमंडमध्ये मराठी शाळा. त्याआधी शिक्षकांचं ट्रेनिंग. ट्रेनर मी. दुसरं आहे कोण?

१८ सप्टेंबर, शनिवार. गणपती.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात आरतीनंतर माइक घेऊन घोषणा केली. समाजाचं लक्ष मोदकांकडे. तरी चार जण मिळाले. रवी, माझा जिवलग मित्र. सुलेखा, तीन पोरांची आई, आवाज खणखणीत. प्रणिता, डेटाबेसवाली, नागपूरची, दोन वर्षांपूर्वी इकडे आलेली. आणि माझी बायको आसावरी. तिचं नाव मीच दिलं. ती तेव्हा वाढत होती, विचारायला वेळ नव्हता.

प्रणिताने विचारलं, तुम्ही कुठले? पुण्याचा, म्हटलं. (कॉलेजपासून पुण्याचाच. त्याआधीची कराडजवळची वर्षं धरायचं कारण नाही.)

२ ऑक्टोबर, शनिवार. संध्या. ६

पहिलं सेशन. दणक्यात. रेडमंडच्या लायब्ररीतली मीटिंग रूम मिळवली, रात्रंदिवस खपून स्लाइड्स केल्या. विषय: मराठी लँग्वेज डिलिव्हरी, रोडमॅप अँड रिस्क्स.

किरकोळ अडचण: ज्या स्लाइड्सवर मराठी अक्षरं होती तिथे लॅपटॉपवर नुसते चौकोन दिसले. सॉफ्टवेअरच्या पंढरीत राहून ही अवस्था! पण अशा स्लाइड्स दोनच होत्या. बाकी सगळं इंग्रजीत असल्यामुळे काही अडलं नाही.

सुलेखाने साबुदाणा वडे आणले होते. लायब्ररीत खायला परवानगी नाही. सगळे पार्किंग लॉटमध्ये पावसात उभे राहून वडे खात बराच वेळ गप्पा मारत होते. माझ्या सेशनमध्ये एवढं कोणी बोललं नव्हतं. पचायला जड विषय आहे, वेळ लागतो.

घरी येताना आसावरी म्हणाली की मराठी शिकवायचं ट्रेनिंग तू तीन तास इंग्रजीत दिलंस. मी म्हटलं, प्रोफेशनल लोक आहेत, प्रोफेशनल भाषेत सांगावं लागतं. ती हसली. कौतुकाने असावं.

१६ ऑक्टोबर, शनिवार

दुसरं सेशन. मी त्या इनुइट बाईंची पद्धत समजावत होतो. फेज वन, फेज टू, असेसमेंट. तेवढ्यात प्रणिता म्हणाली की तीही त्या भाषणाला होती, शेवटपर्यंत. बाई पुढे असं म्हणाल्या म्हणे, की पोरांना कामाला लावा. कातडी शिवताना, मासे कापताना भाषा आपोआप तोंडात येते. आणि पोरं चुकली तर हसू नका, टोकू नका, एकदा लाजली की गप्प होतात.

मी म्हटलं, ते तिकडचं. आपण रेडमंडला कातडी शिवणार आहोत का? सगळे हसले. सेशन हातात राहिलं.

मग मॉक टीचिंग. रवीला लहान मुलगा केला. प्रणिता सरळ त्याच्या शेजारी खाली बसली आणि म्हणाली, काय करून राहिला रे बाबू? रवी, हा चाळिशीतला गडी, खरंच पोरासारखा सांगायला लागला की त्याची पेन्सिल हरवली. सगळे खुदुखुदु. मी इव्हॅल्युएशनमध्ये स्पष्ट लिहिलं: उत्साह चांगला, भाषा प्रमाण नाही, प्रमाणपत्र तूर्त देता येत नाही. मुलांच्या कानावर पहिल्या दिवसापासून शुद्धच पडलं पाहिजे. तिने वाचलं, बरं म्हणाली. तिचे वडील नागपूरला वस्तीत विहारात संध्याकाळचे वर्ग घ्यायचे, ती लहानपणापासून तिथे पोरांना शिकवायची, असं सुलेखाने मला बाजूला घेऊन सांगितलं. असेल. पण त्याला ट्रेनिंग म्हणत नाहीत.

२४ ऑक्टोबर, रविवार

आजपासून घरात फक्त मराठी. इंग्रजी बंद. राधिकाला नियम (इंग्रजीत) समजावला.

जेवताना ती म्हणाली, मला पाणी पाहिजेत. मी दुरुस्त केलं. तिने परत म्हटलं. मी उच्चार दुरुस्त केला. मग तिने उठून स्वतः पाणी घेतलं. स्वावलंबन!

२८ ऑक्टोबर, गुरुवार

राधिका चार दिवस जेवताना एक अक्षर बोललेली नाही. आसावरी म्हणते, पोरगी मुकी करून ठेवलीस. याला शोषणाचा काळ म्हणतात. भाषा आत मुरत असते, लोणच्यासारखी. मी मध्ये मध्ये ढवळतो, म्हणजे प्रश्न विचारतो आणि उत्तर आलं की सुधारतो. हल्ली उत्तर येत नाही, त्यामुळे चुकाही शून्यावर आल्या आहेत.

१३ नोव्हेंबर, शनिवार

सेशनला मी एकटाच. रवीच्या मुलाचं सॉकर. सुलेखाला सर्दी. प्रणिताला ऑफिसचं काम. आसावरी राधिकाला स्विमिंगला घेऊन गेली, आता दर शनिवारी जाणार म्हणे. रिकाम्या खुर्च्यांपुढे स्लाइड्स दाखवून पाहिल्या. फ्लो अप्रतिम. कोणी मध्ये बोलत नसलं की विषय कसा छान पुढे सरकतो.

अर्थ एकच: त्यांना माझी गरज उरली नाही. ट्रेनरचं खरं यश ते हेच.

२७ नोव्हेंबर, शनिवार

परत एकटाच. आसावरी आणि राधिका स्विमिंगहून आल्या. टॉवेल कोरडा. पोरगी अंग निथळून बाहेर येते वाटतं, शिस्त आहे. बाहीला पीठ लागलेलं होतं. विचारलं तर आसावरी म्हणाली की पूलवर बेक सेल होता, पोरं केक करून विकत होती. अमेरिकेत काहीही असतं.

एक गोष्ट टिपून ठेवतो. राधिका बाथरूममध्ये स्वतःशी मराठीत बडबडत होती! मी दारावर टकटक करून शाबासकी दिली आणि एक शब्द सुधारला. आवाज बंद. पण पद्धत लागू पडतेय, यात शंका नाही. घरात इंग्रजी बंदीचा हा परिणाम.

११ डिसेंबर, शनिवार. रात्र.

लिहितोच.

मनात आलं, प्रणितावर जरा कडक झालो. नाताळ जवळ आलाय, मोठ्या मनाने तिला तात्पुरतं प्रमाणपत्र द्यावं. लॅमिनेट करून कर्कलँडला तिच्या अपार्टमेंटवर गेलो. दाराबाहेर चपला-बुटांचा हा ढीग! त्यात राधिकाचे जांभळे बूट. म्हटलं, काय योगायोग, दुसऱ्याही कोणाकडे तसेच बूट आहेत.

दार उघडंच होतं. आत पोरंच पोरं. कोणी शेंगा सोलतंय, कोणी पीठ मळतंय, कोणी ताटाला हात लावून मार खातंय. सगळा कालवा मराठीत. सुलेखा तव्यापाशी. रवी, माझा जिवलग रवी, सॉकरवाला, एप्रन बांधून कांदा चिरत होता. आसावरी पोरांना हातावर भाकरी थापायला शिकवत होती. आणि माझी राधिका, स्विमिंगला गेलेली राधिका, स्टुलावर उभी राहून त्या प्रणिताच्या नवऱ्यावर ओरडत होती, काका, सरका ना बाप्पा, माझी भाकरी जळून राहिली!

जळून राहिली! माझ्या घरातल्या पोरीच्या तोंडी!

मी आत पाऊल टाकलं आणि सगळं थांबलं. ऑफिसात बॉस आला की थांबतं तसं. राधिका स्टुलावरून उतरली. म्हणाली, हाय डॅड.

प्रणिता बसा म्हणाली. मी बसणार नव्हतो. पण पिठलं गरम होतं, आणि अन्नाचा अपमान आपल्यात करत नाहीत. दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी फक्त आग्रहामुळे. त्यातली एक राधिकाने थापलेली होती असं कोणीतरी सांगितलं. कडेला फाटली होती. तेवढं मी दाखवून दिलं.

प्रमाणपत्र परत घेऊन आलो. मला फार लागलंय. परक्याने केलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. पण घरची बायको, जवळचा मित्र, सख्खी मुलगी! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते आज कळलं. विश्वास ठेवावा तो कोणावर?

१२ डिसेंबर, रविवार

आसावरीशी अबोला धरला. तिच्या लक्षात आलं नाही, म्हणून दुपारी जाऊन सांगितलं की मी अबोला धरला आहे. त्यावर ती तासभर बोलली. म्हणे, तुझ्यापासून लपवायची हौस नव्हती. म्हणे, राधिकाच म्हणाली की डॅडला सांगू नको, तो येईल. म्हणे, तुला शाळा पाहिजे होती की पोरीने बोलायला पाहिजे होतं, ते एकदा स्वतःला विचार.

विचारलं. दोन्ही पाहिजे होतं. यात चूक काय?

१५ जानेवारी २००५, शनिवार

मंडळाला सविस्तर ईमेल लिहिली होती: विश्वासघात, पद्धतीची चोरी, अप्रमाणित भाषेचा धोका. आज उत्तर आलं. मंडळाला प्रणिताचा वर्ग इतका आवडला की तो आता मंडळाची अधिकृत शाळा. नवीन शिक्षकांना प्रणिताच तयार करणार. आणि माझा अनुभव लक्षात घेता मी शनिवारी पार्किंगची व्यवस्था बघावी, अशी सर्वांची इच्छा आहे.

नाही म्हणणार होतो. पण संस्था अशी टाकवत नाही. पायाभूत सुविधा प्रमुख म्हणून सूत्रं स्वीकारली. स्वतःच्या खर्चाने नारिंगी जॅकेट आणलं.

५ फेब्रुवारी, शनिवार

पार्किंग उत्तम. पाऊस. वर्गाच्या काचेतून आतलं दिसतं, ऐकू येत नाही. राधिका हात नाचवून काहीतरी सांगत होती आणि सगळे पोट धरून हसत होते. काय सांगत होती कोण जाणे. गाडीत विचारलं. नथिंग, म्हणाली.

१२ मार्च, शनिवार

आई आली. विमानतळावर मी राधिकाला म्हटलं, आजीला नमस्कार कर आणि प्रवास कसा झाला ते विचार, पूर्ण वाक्यात. तिने नमस्कार केला. आईने पूर्ण वाक्यात, जपून उत्तर दिलं. मग गाडीत सगळे गप्प.

आईला जेटलॅग असावा.

२० मार्च, रविवार

विजय! आज लिहायलाच हवं.

सकाळी खाली येत होतो, किचनमधून हसण्याचा आवाज. आई आणि राधिका. राधिका घडाघडा, न थांबता, शाळेतल्या कुठल्याशा टीचरची नक्कल करून दाखवत होती, आणि आई पदर तोंडाला लावून हसत होती. मग आई तिला गावाकडची कसलीशी गोष्ट सांगायला लागली. इतकं मोकळं बोलताना आईला मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. जिन्यातच उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं. माझा संकल्प, माझी योजना, मुदतीच्या आत!

मग मी आत गेलो. दोघी थांबल्या. राधिका म्हणाली, हाय डॅड, आणि वर निघून गेली.

आईला विचारलं, काय चाललं होतं? काही नाही, म्हणाली. मग खोदून खोदून विचारलं. तेव्हा तिने सांगितलं की पोरीने तिला बजावून ठेवलंय, बाबा आला की गप्प बसायचं, तो चुका काढतो.

मला हसू आलं. म्हटलं, आई, चुका काढतो म्हणजे जीव लावतो. तुला तर माहितीच आहे.

आई कोथिंबीर निवडत होती. मान खालीच ठेवून म्हणाली: तू पुण्याला कॉलेजात गेलास, तेव्हापासून तुझ्याशी बोलताना मीसुद्धा जपूनच बोलते.

म्हणजे आईसुद्धा त्यांच्यातलीच. आता आपलं म्हणावं असं घरात कोणी उरलं नाही.

(वरचं जपून बोलण्याचं वाक्य आईने असं म्हटलं नव्हतं. ती कराडकडचंच बोलली. मी लिहिताना शुद्ध करून घेतलं.)