आत्याचा अंगठा

पुणे
८ ऑक्टोबर २०२२

चि. योगितास,
दादाचे अनेक आशीर्वाद. आई-बाबांना नमस्कार, गंगीआत्याच्या पाया पडतो म्हणून सांग.

फोनवर बोलायला लागलो की आपण दोन मिनिटांत भांडतो, आणि मोहपाड्यावर रेंज मिळायला तुला टेकाड चढावं लागतं. म्हणून आश्रमशाळेत असताना लिहायचो तसं पत्रच लिहितोय. बाबांना वाचून दाखव, पण टोमणे गाळू नकोस.

माझ्या खोलीवरचा प्रविण दिवाळीला घरी, वाणगावला येतोय. त्याच्या हाती एक डबा पाठवतो, त्यात नवा फोन आहे. लगेच नाचू नकोस, तो तुझा नाही, आत्याचा आहे. परवा ऑफिसात मी सहज बोलून गेलो, की आमच्याकडे लग्न भटजी लावत नाहीत, धवलेरी लावते. धवलेरी म्हणजे रात्रभर गाणी म्हणून लग्न लावणारी बाई, आणि ती माझी सख्खी आत्या. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. एकाने विचारलं, ती गाणी कुठे लिहून ठेवली आहेत का. मी म्हटलं छे, सगळी तिच्या डोक्यात. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय गं. आत्याचं वय झालं. तुझ्याखेरीज तिच्या मागे बसून शिकणारं कोणी नाही, आणि तुलाही अजून अर्धंच येतं.

आमच्या कंपनीने स्वरकुपी नावाचं ॲप काढलंय. ते नीट चालतं का हे तपासायचं काम माझ्याकडेच होतं. ढोल आणि माणसांचा गलका ते मागे सारतं आणि गाणारीचा आवाज पुढे आणतं. गाणी कंपनीच्या तिजोरीत कुलूपबंद राहतात. आणि कुलूप कसलं, तर आत्याच्या अंगठ्याचं! तिने अंगठा टेकवल्याशिवाय एक ओळ वाजायची नाही. येत्या लग्नांत तू हा फोन घेऊन तिच्याजवळ बस. तुझ्या फोनमध्ये शाळेतल्या निलम मॅडमनी घालून दिलेलं ते फुकटातलं ॲप आहे, त्यावर करू नकोस. फुकटचं ते फुकटचंच.

दादाची आठवण ठेव, आणि भांडायचं असेल तर कागदावर भांड.
तुझा दादा,
मुकेश


मोहपाडा, ता. तलासरी
१३ नोव्हेंबर २०२२

ती. दादास,
योगिताचा साष्टांग नमस्कार. इकडे सारे खुशाल. नागली झोडून झाली, भाताची मळणी चालू आहे. बाबांचा खोकला आहे तसाच आहे, विडी पण आहे तशीच आहे.

फोन पोचला. आत्याने आधी डबा हुंगला, मग विचारलं की हा एवढा गुळगुळीत कशाला, हातातून सटकेल ना. अंगठ्याचं सांगितलं तेव्हा मात्र तिची कळी खुलली. पण फोन काही तिचा अंगठा ओळखेना. चाळीस वर्षं भाताची लावणी करून त्यावर रेषा उरल्यात कुठे! दोन दिवस तेल चोळलं, गरम पाण्यात बुडवला, तेव्हा कुठे त्या महाराजांना ओळख पटली. आत्या म्हणाली की जन्मभर दुसऱ्यांच्या कागदावर अंगठा उठवला, पहिल्यांदाच तो स्वतःच्या वस्तूला लावला. दिवसभर पाड्यावर तेच सांगत फिरत होती.

तिचा नेम तुला ठाऊक आहे. भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहून झाला आणि मांडवात नवरानवरी बसली, तरच तोंड उघडायचं. रिकाम्या वेळी ते गाणं म्हणायचं नाही, वाजवायचं नाही, शिकवायचं सुद्धा नाही. म्हणून तिला तुझं कुलूप फार पटलंय. मुकेशने माझा नेम राखला, म्हणते. मी विचारलं, मग पुढे माझं कसं? तर म्हणाली, मांडव तुझ्या हाती देईन त्या दिवशी तुझाही अंगठा त्यात घालू.

पण दादा, मला एक शंका आहे, चिडू नकोस. गंजाडच्या शाळेतल्या निलम मॅडम सांगत होत्या, की त्यांच्या ॲपची घडण उघड्यावर मांडलेली असते, जाणता माणूस ती बघू शकतो, बिघडली तर दुरुस्त करू शकतो. गाणं साधं फाईल होऊन कार्डात राहतं आणि कुठल्याही फोनवर लागतं. तुमच्या कुपीत काय आहे ते तुमच्याखेरीज कोणाला माहीत? उद्या कंपनीने दुकान बंद केलं तर आत्याचा अंगठा घेऊन मी कोणाच्या दारात जाऊ? एवढं सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
योगिता


पुणे
४ डिसेंबर २०२२

चि. योगितास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसूच आलं. म्हणे कंपनीने दुकान बंद केलं तर! अगं, इथे काचेची सात मजली इमारत आहे, तलासरीच्या बाजारातली टपरी नाही. निलम मॅडमना माझा नमस्कार सांग, बाई चांगल्या आहेत, पण ज्या वस्तूची घडण कोणीही बघावी तिच्या कुलपाला अर्थ काय राहिला? आणि फुकट काम करणारी माणसं उद्या कंटाळली की तुझ्या फाईलकडे कोण बघणार? आमच्याकडे पगारी माणसं आहेत, त्यातला एक मी आहे. किल्ली आत्याच्या अंगठ्यात आहे, ती कोणी काढून नेणार आहे का?

एक लक्षात ठेव. गाणं चालू असताना तू मागून म्हणू नकोस. तुझा आवाज मध्ये आला की कुपी गोंधळते. गप बसून नुसता फोन धर.

आईच्या हातच्या सुक्या बोंबलाची फार आठवण येते. प्रविण परत येईल तेव्हा पाठव, आणि मायाही पाठव.
तुझा,
मुकेश


मोहपाडा
२६ मे २०२४

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. नव्या नोकरीबद्दल आईने गावदेवाला नारळ फोडला. जुन्या कंपनीपेक्षा काम हलकं आहे म्हणतोस, मग पत्रं का आखडलीस?

लग्नसराई संपली. दोन वर्षांत आत्याबरोबर मी किती मांडव हिंडले! गंजाड झालं, वाणगावच्या पलीकडचे पाडे झाले, शेवटचं लग्न अच्छाडला. तिथे हायवेवरच्या ट्रकांच्या हॉर्नमध्ये सुद्धा आत्याचा आवाज मोडला नाही. देवांना बोलावण्यापासून हळद उतरवेपर्यंत आता सगळं कुपीत आहे.

आत्या मात्र माझ्यावर नाराज आहे. पूर्वी मी तिच्या मागे बसून ओळ उचलायची, चुकले की ती कोपराने ढोसायची. आता मी मुक्यासारखी हात वर करून बसते. ती म्हणते, पोरगी गायला येते की दिवा धरायला? गाणाऱ्या बायांसमोर पण म्हणाली, मला लाज वाटली. मी तिला समजावलं की सगळं फोनमध्ये आहे, सवडीने शिकेन. खरं सांगू का, मला पहिलं येत होतं त्यातलंही आता सलग आठवत नाही. मधलं, नवरीला चौकासमोर आणल्यावरचं, ते तर पार विस्कटलंय.

पावसाआधी एकदा येऊन जा. घर तुझी वाट बघतंय.
योगिता


मोहपाडा
२ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
नमस्कार. फोनवर रडायला येतं आणि काही सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आत्याच्या जिवाचा धोका टळला. वापीच्या दवाखान्यातून घरी आणली आहे. पण लकव्याने उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजतं सगळं, डोळ्यांनी बोलते. तोंडातून नुसता आवाज येतो, शब्द येत नाही.

आणि काळ्याकाकांच्या मुलीचं, रुचिकाचं लग्न चैत्रात ठरलंय. काकांनी दुसरी धवलेरी बघतो म्हटलं, तर आत्याने मान हलवून नाही सांगितलं आणि माझ्याकडे बोट केलं. म्हणजे मांडव आता माझ्या हाती. मी भीतभीत तिला विचारलं, की कुपीतलं ऐकल्याशिवाय मला जमणार नाही, ऐकू का? दादा, ना मांडव, ना चौक. जन्मभराचा नेम. तिने बराच वेळ डोळे मिटले. मग डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात उचलला, आणि अंगठा माझ्यापुढे धरला.

अंगठा लागला. कुपी उघडली. आत इंग्रजीत दोन ओळी, आणि गाणी एकही नाही. मी पुन्हा लावायला सांगितलं, तिने पुन्हा लावला. निलम मॅडमकडे पळत गेले, त्यांनी वाचून सांगितलं की ही सेवा बंद झाली आहे. असं कसं बंद होईल? फोन आमच्याकडे, अंगठा आमच्याकडे! तू लवकर काहीतरी कर. तुझ्या ओळखीचे लोक असतील ना तिथे?

तुझी,
योगिता


पुणे
१६ मार्च २०२५

प्रिय योगितास,
आज आशीर्वाद द्यायला हात धजत नाही.

सगळीकडे जाऊन आलो. जुनी कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि तिला कुपी नको होती, म्हणून गेल्या पावसाळ्यात ती मोडली. गाणी उतरवून घ्या अशा सूचना पाठवल्या होत्या म्हणे. त्या गेल्या आत्याच्या नावाने मी उघडलेल्या ईमेलवर. ते मोहपाड्यावर कोण उघडणार? मी नवी नोकरी धरली आणि तिकडे बघायचंही विसरलो. फोनमध्ये गाण्यांचे तुकडे अजून आहेत गं, पण कुलपात. अंगठ्याने फक्त दार उघडायचं. खरी किल्ली कंपनीच्या यंत्रात होती आणि ती त्यांनी पुसून टाकली. ज्यांच्याबरोबर मी डबा खायचो त्या मुलांच्या हातापाया पडलो. त्यांच्याकडेही काही उरलेलं नाही. कुपीची घडण आतल्या चार माणसांखेरीज कोणी पाहिलेलीच नाही, तर बाहेरचा कोण दुरुस्त करणार?

निलम मॅडमच्या ॲपवर असतं तर ती गाणी आज तुझ्या कार्डात असती. तू विचारलं होतंस आणि मी तुला काचेची इमारत दाखवली. वर तुला गप बसवलं, हे मला सगळ्यात जास्त खातंय. कुपी गेली तर गेली, पण तुझ्या तोंडातलंही मी काढून घेतलं. रात्री आत्या कोपराने ढोसते असं वाटतं आणि जाग येते.

आत्याला काय सांगायचं मला सुचत नाही. रुचिकाच्या लग्नाला येण्याचं धाडस होत नाही. माझ्यावर राग धर, तो माझा हक्काचा आहे. पण तोडू नकोस.
मुकेश


मोहपाडा
२० एप्रिल २०२५

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. रुचिकाचं लग्न लागलं. जावई अच्छाडचे, माणसं भली आहेत. कोणी नावं ठेवली नाहीत, बाया म्हणाल्या की पहिल्याच मांडवात पोरीने निभावलं. तू मनावर घेऊ नकोस असं मी लिहिणार होते, पण ते खरं होणार नाही. मला तुझा राग आला होता आणि अजूनही थोडा आहे.

आता जेवढं येतं तेवढं निलम मॅडमच्या ॲपवर घेऊन ठेवते आहे. मांडवातच म्हणते आणि मांडवातच घेते, नेम मोडत नाही. कार्ड पत्र्याच्या पेटीत असतं, दुसरं मॅडमकडे दिलंय, तिसरं रुचिका सासरी घेऊन गेली. त्यात मधलं नाही, तेवढी जागा सुटलेली आहे. विचारायला सुद्धा कोणी उरलं नाही, दुसऱ्या धवलेऱ्यांचं मधलं वेगळं असतं आणि आत्याच्या जोडीच्या बाया केव्हाच गेल्या.

मांडवात काय झालं ते तुला सांगायला हवं. आत्याला खाटेवरून आणून चौकाजवळ बसवली होती, नवं लुगडं नेसवून. सुरुवातीचं सगळं ठीक गेलं, माझा आवाजही लागला. मग रुचिकाला चौकासमोर आणली आणि मी थांबले. पुढची ओळ येईना. ढोलवाला लाहू माझ्याकडे बघतोय, मागच्या बाया ओळ उचलायला थांबल्यात, रुचिका खाली मान घालून उभी. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि भर मांडवात अंगठा माझ्यापुढे धरला.

कुपी मेली हे तिला मी सांगितलंच नव्हतं. फोन बिघडलाय, दादा दुरुस्त करून पाठवतोय, असं म्हटलं होतं. गाणं अजून आपल्या अंगठ्यात आहे असंच ती धरून होती. कुपीचा फोन घरी होता. मी काय करू? हाताचा तळवा तिच्या अंगठ्याखाली धरला. तिने दाबला. मी डोळे मिटून पुढचं जे सापडलं तिथून सुरू केलं. बायांनी ओळ उचलली, ढोल वाजला, लग्न पुढे गेलं. मधलं किती गळलं ते त्या मांडवात एकट्या आत्यालाच कळलं. तिने अंगठा काढला नाही. तळव्यावर पुन्हा दाबला, मग पुन्हा.

दादा, रोज सकाळी चहा दिला की ती हात उचलून अंगठा माझ्यापुढे धरते. मी काहीतरी काम काढून बाहेर जाते. तू ये. तिच्यापुढे बस आणि तूच सांग. माझ्याच्याने सांगवत नाही.

राग आहे म्हणून माया गेली असं समजू नकोस.
वाट बघणारी,
योगिता