तिसऱ्या मजल्यावरचं विमान

चि. सोन्यास,

मावशीचे पोटभर आशीर्वाद. (पोटात दुखत असूनही पोटभर देते आहे, याची नोंद घ्यावी.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे लोक ज्याला बरे म्हणतात तसे. तुझ्या काकांचा गुडघा अजून कुरकुरतो. काकाही दिवसभर कुरकुरत असतात, त्यामुळे नेमकं कोण कुरकुरतंय ते आतल्या खोलीतून कळत नाही. तुझी प्रकृती कशी आहे? उंचावर काम करणाऱ्यांना सर्दी लवकर होते म्हणे. तुझ्या उंचीवर होते की नाही ते तूच कळव. जेवण वेळेवर होतं, रोज संध्याकाळी घरी येतोस, सोबत बॅगसुद्धा न्यावी लागत नाही, असं ताई सांगत होती. ताई, म्हणजे तुझी आई आणि माझी सख्खी थोरली बहीण, हल्ली दुसरं काही सांगतच नाही.

तू म्हणशील, मावशीनं फोन सोडून पत्र का लिहिलं? कारण फोन तू स्पीकरवर ठेवून बोलतोस आणि शेजारी ताई बसलेली असते. मला जे सांगायचंय ते तिच्या कानावर जाता कामा नये. म्हणून हे पाकीट कुठे आणि कुणाच्या हाती दिलंय, ते तुला एव्हाना कळलंच असेल. कळून घाम फुटला असेल तर आधी पाणी पिऊन घे.

आता मुद्द्याचं. मला ताईचा हेवा वाटतो. (यात नवीन काही नाही, पण एकदा कागदावर लिहून टाकलं म्हणजे बरं वाटतं.) लहानपणी तिला चष्मा लागला तेव्हा मीही समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसत नाही म्हणून रडून घेतलं होतं. डॉक्टरांनी डोळे तपासले आणि मला जवळजवळ हाकलून दिलं. तिचं लग्न आधी, तिचं घर आधी, तू आधी. आमची छकुली तुझ्यानंतर. (आता ती वैमानिक झाली आहे आणि तिला या नावानं हाक मारलेली खपत नाही, पण पत्रात ती कुठे ऐकतेय!) तुम्ही दोघं एकाच संस्थेत विमान शिकायला लागलात तेव्हा मला वाटलं, चला, आता तरी बरोबरी होईल. कसलं काय! परवानाही तुलाच आधी मिळाला. आणि तुमचे परवाने हातात पडतात न पडतात तोच मंदी आली. कंपन्यांनी होती ती विमानं झाकून ठेवली, जुन्याजाणत्या वैमानिकांना घरी बसवलं आणि तुमच्यासारख्यांना 'कळवू' म्हणून सांगितलं. अशा दिवसांत ताई आमच्या दारात उभी राहून म्हणते काय, "लागला गं आमचा! लगेच उडायलाही लागला!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडानं "अगं बाई, किती छान" म्हणाले आणि आत जाऊन पातेल्यावरचं झाकण विनाकारण आपटलं.

छकुलीनं काही कमी हातपाय मारले नाहीत, हे तुला ठाऊक असावं म्हणून सांगते. मध्यंतरी एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. मीही सोबत गेले. (बाहेर बाकावर बसायला म्हणून. तिथे इतक्या आया बसल्या होत्या की आमचीच भरती होणार आहे असं वाटावं.) वर जायच्या लिफ्टमध्ये सगळे गणवेशातले नवे वैमानिक आणि त्यांच्यात कोंबलेली मी. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली. दिवा गेला. मला वाटलं, आता कुणीतरी घाबरेल. छे! एक मुलगा, विमानात म्हणतात तसं, शांतपणे म्हणाला, "कंट्रोल माझ्याकडे." दुसऱ्यानं लगेच उत्तर दिलं, "कंट्रोल तुझ्याकडे." तिसऱ्याचं म्हणणं पडलं की त्याचे उड्डाणाचे तास जास्त आहेत, तेव्हा कंट्रोल त्याच्याकडे हवा. मग सगळ्यांनी आदरानं एकमेकांना कंट्रोल दिला आणि घेतला. कुणीतरी मोबाइलचा उजेड पाडून भिंतीवरची सूचना वाचायला लागलं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी 'तपासलं' म्हणायचं. दार बंद? तपासलं. गर्दी जास्त? तपासलं. घंटा वाजवण्याचा मुद्दा त्या पाटीवर शेवटी होता. माझा जीव गुदमरायला लागला तशी मी दोघांच्या काखेखालून छत्री घातली आणि घंटा दाबली. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच विमान पाडलं. छकुली तर शरमेनं माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. वर पोचलो तेव्हा कंपनीच्या माणसानं हात जोडून सांगितलं की जागा सकाळीच रद्द झाल्या आहेत, पण एवढ्या लांबून आलात, तर कंपनीचं नाव छापलेलं एकेक पेन घेऊन जा. याच पेनानं मी हे पत्र लिहिते आहे. मधूनमधून अडकतंय.

त्यानंतर तिनं फर्निचरच्या दुकानात गाडी चालवायचं काम धरलं. काम साधं होतं. कपाटं, पलंग गाडीत घालायचे आणि गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचे. पण आमची पोर गाडीत बसण्याआधी हातात टॉर्च घेऊन गाडीभोवती फेरी मारायची, टायर दाबून बघायची, खाली वाकून काही गळतंय का पाहायची, वाऱ्याची दिशा बघायची. मालक दुकानाच्या पायरीवर उभा राहून घड्याळाकडे बघायचा. हेही त्यानं चालवून घेतलं असतं. पण एके दिवशी नवरा-नवरीचं मोठं कपाट घेऊन निघाली, तर त्या गल्लीत खोदकाम. तुम्हा लोकांना शिकवलेलंच असतं की ठरल्या जागी उतरता आलं नाही तर जवळची दुसरी जागा आधीपासून हेरून ठेवायची. तिनं हेरून ठेवली होती! यादीतलं पुढचं गिऱ्हाईक, एक निवृत्त मास्तर. त्यांनी एक स्टूल मागवलं होतं. तिनं कपाट तिथे उतरवलं, सही घेतली आणि मालकाला फोन करून अभिमानानं सांगितलं की माल पर्यायी ठिकाणी सुखरूप उतरवला आहे. मास्तरांच्या घराचं दार त्या कपाटामुळे आतून उघडेना. मास्तर आत, कपाट दारात, नवरा-नवरी दुकानात. मालकानं तिला त्याच दिवशी नारळ दिला. ती घरी येऊन एवढंच म्हणाली, "आई, माझं चुकलं कुठे तेच मला कळत नाहीये." खरं सांगू? मलाही सांगता येईना.

आता तुझ्या काकांनी मधे तोंड घातलंय. ते घड्याळं दुरुस्त करतात ना, त्यांच्या एका गिऱ्हाइकाचं बटाट्यांचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथे टेबलाशी बसून कुठल्या खोलीत किती थंडी आहे ते बघत राहायचं. कायमची नोकरी. सोमवारी सकाळी हजर व्हायचंय. छकुली हो म्हणाली. कशी म्हणाली ते ऐकायला हवं होतंस. आपण दुकानात 'ठीक आहे, दुसऱ्या रंगाचं द्या' म्हणतो ना, तसं. वर हसून म्हणाली, "आकाशात बाहेर जेवढी थंडी असते तेवढीच आहे गं तिथे." मग गणवेश प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, टोपीत जुने मोजे भरून ठेवले म्हणजे आकार बिघडायला नको, आणि सगळं कपाटावर चढवून दिलं. मला फार वाईट वाटलं. अरे, मंदी काय, आज आहे, उद्या जाईल. विमानं पुन्हा बाहेर निघतील, तेव्हा ज्यांचा हात बसलेला आहे त्यांना कंपन्या बोलावतील. बटाटे राखत बसलेल्या मुलीला कोण बोलावतंय?

आणि इथे तुझा फोटो येतो. ताईनं पाठवलेला. तू विमानात बसला आहेस, कानावर ते मोठं यंत्र, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, नजर अगदी दूर ढगांकडे लागलेली. तो फोटो मी रोज बघते. (जखमेवरची खपली काढायची काही जणांना सवय असते, त्यातला प्रकार.) परवा पट्ट्या मोजायला म्हणून फोटो मोठा केला, बोट जरा सरकलं, आणि काय बघते, तुझ्या विमानाच्या खिडकीबाहेर एक लहान मुलगा आइस्क्रीम चाटत उभा! त्याच्या मागे चपलांच्या दुकानाची पाटी. मी चष्मा पुसला. मुलगा तिथेच. छकुलीला दाखवलं तर ती शांतपणे म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तू कुणाला बोलू नकोस. त्याला काय वाटेल?" तुझी बहीण म्हणून किती गुणी आहे बघ. मी तिच्या जागी असते तर ताईच्या घरी तडक गेले असते.

मी ताईकडे गेले नाही. मी त्या चपलांच्या पाटीचा माग काढत मॉलमध्ये गेले. तिसऱ्या मजल्यावर, चष्म्याचं दुकान आणि चपलांचं दुकान यांच्या मधे, तुझं विमान. नुसतं पुढचं तोंड, मागे काहीच नाही, समोर पडद्यावर आकाश. मी खांबाआड उभी राहिले. मनात म्हटलं, आता पोटभर हसून घेते. मग तू एका शेंबड्या मुलीला आत घेतलंस. तिचा पट्टा बांधलास, ओढून पाहिलास, एकेक बटण दाखवून तिच्याकडून 'तपासलं' म्हणून घेतलंस. दुसरा कुणी असता तर एक कळ दाबून मोकळा झाला असता. ती मुलगी उतरली तेव्हा तू उभा राहून तिला सलाम केलास. पुढच्या मुलाला उलटी झाली. तू गणवेशाच्या बाह्या दुमडल्यास, स्वतः फडकं घेऊन पुसलंस, आणि पुन्हा बाह्या खाली करून पुढच्या माणसाला "या" म्हणालास. मला हसू आलं नाही रे. मला हेवाच वाटला. निदान उलटी करायला तुझ्याकडे प्रवासी तरी आहेत! टोपी आहे, रांग आहे, समोर आकाश आहे, खोटं का होईना. आणि तुझ्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर तू डबा ठेवला होतास.

सोन्या, जी जागा तुझ्या डब्याला मिळते ती माझ्या लेकीला मिळू नये? सोमवारच्या आत तुझ्या मालकाशी बोल. दोन वैमानिक असल्याशिवाय विमान उडत नाही असं सांग. (खरंच आहे ते, मी खोटं बोलायला लावत नाही.) छकुलीला तू स्वतः होऊन बोलावलंस असं दाखव, माझं नाव काढू नकोस. बाकी, तू कुठे उडतोस ते मी ताईला सांगणार नाही. मी तशी बाई नाही. पण माझ्या तोंडाचा मला भरवसा नाही, हे तू लहानपणापासून बघतोच आहेस. लोभ आहेच, तो सोमवारनंतरही तेवढाच राहावा ही इच्छा.

तुझी,
खांबाआडची मावशी

ता. क. वरची धमकी धमकी समजू नये. समजलास तरी हरकत नाही.

ता. क. दुसरा. हे पेन्सिलीनं लिहिते आहे. पाकीट द्यायला आत्ता मॉलमध्ये आले, तर माझ्या खांबाआड आधीच कुणीतरी उभं. काळा चष्मा, डोक्यावरून स्कार्फ. मान पुढे काढायची ती लकब मी जन्मापासून बघतेय. ताई! मी चपलांच्या दुकानात शिरले. नंतर, जिच्या हाती पाकीट द्यायचं होतं त्या तुझ्या तिकीटखिडकीवरच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "त्या होय? त्या पहिल्यापासून येतात. तिकीट काढतात, रांगेत उभ्या राहतात, आणि नंबर जवळ आला की निघून जातात." म्हणजे तिला सगळं ठाऊक आहे! ठाऊक असून दारोदार सांगत हिंडते, कारण तू संध्याकाळी घरी येशील तो वैमानिक म्हणूनच यावास. मला रडू आलं आणि रागही आला. माझी धमकी फुकट गेली, आणि इथेसुद्धा ती माझ्या आधी पोचली.

आता एवढं कर. तिला काही बोलू नकोस. पण पुढच्या वेळी तिचा नंबर जवळ आला की बाहेर ये, तिचा हात धर आणि आत बसव. फक्त त्या दिवशी विमान तू चालवू नकोस, छकुलीला चालवू दे. तू बाजूला डबा घेऊन बस. एकदा तरी ताईनं माझ्या लेकीकडे बघावं आणि जळावं.