नूरभाईंच्या नळीचा स्विच

यान्बू,
शनिवार, दुपार

आदरणीय नूरुद्दीनभाई यांस,

अस्सलामु अलैकुम. धाकट्या मेहुण्याचा, रफीकचा सलाम घ्यावा. इकडे मी, तुमची बहीण अस्मा आणि आमची लेक अदिबा अल्लाच्या मेहरबानीने ठीक आहोत, आणि तुमच्या छातीत बसवलेले दोन्ही स्टेंट आपापल्या जागी गुमान काम करत असतील अशी दुआ करतो. गोळ्या वेळेवर घेत असाल. शरफुन्निसाभाभींना मात्र माझा सलाम सांगू नका. सांगितलात तर त्या विचारतील, सलाम आला कशातून, आणि हे पत्र त्यांच्या हाती लागलं तर तुम्हाला जेद्दाच्या शराफियात आणि मला यान्बूत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. (म्हणून तर व्हॉट्सअ‍ॅप सोडून कागदावर उतरलो. तुमचा फोन भाभी चाळतात, माझा अस्मा चाळते, आणि संध्याकाळी दोघी एकमेकींना फोन करून गोळाबेरीज करतात.) माझ्या शिफ्टवरचा वेल्डर सुफियान गुरुवारी जेद्दाला येतोय, तो पाकीट दुकानात येऊन तुमच्याच हातात देईल. पाकीट हाताला हलकं लागेल. ते का, हे सांगण्यासाठीच हा पसारा.

दोन महिन्यांपूर्वी हॉस्पिटलात, डॉक्टर अर्चना मॅडमच्या समोर, तुम्ही उशीखालून ती वाफ ओढायची व्हेपची नळी काढलीत, माझ्या हातात ठेवलीत आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, रफीक, फेकून दे. अस्माच्या डोक्यावर हात ठेवून शपथही घेतलीत. मी तर डोळे पुसले. (मॅडमनी पुसले नाहीत. त्यांनी अशा शपथा पुष्कळ पाहिल्या असाव्यात. त्या एवढंच म्हणाल्या की पुन्हा ओढलंत तर तिसरा स्टेंट बसवायची वेळ मिळेलच असं नाही.) सहाव्या आठवड्यात तुमचा फोन आला, फेकलीस का रे? मी म्हटलं, अजून नाही. तुम्ही म्हणालात, बरं केलंस, तिचा स्विच मधेच अडकतो, तू मेंटेनन्सचा माणूस, नीट करून गुपचूप पाठव, दिवसाला दोनच झुरके घेईन. आता भाई, माझा पहिला व्हिसा तुम्ही काढलात, निकाहाला अस्माचे वली म्हणून, बापाच्या जागी, तुम्ही बसलात, सासरा म्हणून मला दुसरा चेहरा ठाऊक नाही. अशा माणसाला नाही म्हणायला जी जीभ लागते ती मला दिलेलीच नाही. मी हो म्हटलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

स्विचकडे वळतो. तुमची नळी म्हणजे काय, तर पितळेचा पाईप, आत एक जाडजूड सेल, वर गोड रसात भिजवलेला कापूस आणि तारेचं वेटोळं, आणि बुडाशी बटण. बटण दाबलं की आतला तांब्याचा ठोकळा सेलला टेकतो आणि वरची तार तापते, सोडलं की स्प्रिंग ठोकळ्याला मागे ढकलते. संपलं. ना फ्यूज, ना सर्किट, ना चूक झाली तर बंद पडायची अक्कल. आमच्या प्लांटवर असली वस्तू मी गेटच्या आत येऊ दिली नसती. चोवीस वर्षं मी इन्स्ट्रुमेंट दुरुस्त करतोय, पण ज्याच्या अडकण्यावर माणसाचा जबडा अवलंबून आहे असा स्विच मी पहिल्यांदाच हातात धरला. आणि तो तुम्ही रोज तोंडात धरत होतात.

शुक्रवारी सकाळी काम काढलं. आधी सेल बाहेर काढून कुलपात ठेवला, किल्ली खिशात. (प्लांटची सवय. घरातला बल्ब बदलतानाही मी मेन स्विचला चिठ्ठी लावतो, अदिबा हसते.) अस्माला सांगितलं की प्लांटच्या गेजचा भाग आहे. मग बटण खोललं. भाई, तुमच्या दुकानातल्या बरण्या इतक्या लखलखीत असतात की गिऱ्हाईक त्यांत मिशा बघतं, आणि या बटणाच्या पोटात मात्र काळं, चिकट, गोडसर वासाचं असं काही साचलं होतं की मी खिडकी उघडली. वरून गळलेला रस खाली उतरून तांब्यावर जळला होता. ठोकळा कधी टेके, कधी टेकत नसे, कधी टेकला की सुटत नसे. व्हिनेगर आणि मीठ लावून अर्धा तास घासला, धुतला, सुकवला, मीटर लावून पाहिला. तांबं नव्या पैशासारखं निघालं. इथे थांबलो असतो तर हे पत्र चार ओळींचं झालं असतं.

पण बटण दाबताना किंचित करकरत होतं, आणि आपण पडलो रत्नागिरीचे. करकरलं की आपला हात कुठे जातो? दाराच्या बिजागरीला खोबरेल, शिलाईच्या मशीनला खोबरेल, कानात खोबरेल, डोक्याला तर बारशापासून. गावाहून आलेली बाटली फळीवर होतीच. मी बोटभर तेल घेतलं आणि चांगलं सढळ हाताने बटणाच्या दांड्याला चोळलं. स्वयंपाकघरात उकाड्याची भट्टी पेटलेली, तेल पाण्यासारखं पातळ, बटण असं सुळसुळीत वरखाली व्हायला लागलं की मीच माझी पाठ थोपटली. नळी बंद करून बेडरूममध्ये एसीखालच्या कपाटावर ठेवली आणि जुम्म्याच्या नमाजाला गेलो. अदिबा एसी अठरावर ठेवते, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि डोक्यात येणं यांत केवढं अंतर असतं ते तासाभराने कळलं.

परत आलो, सेल घातला आणि फक्त चाचणी म्हणून (अल्ला साक्ष आहे, तोंडाला लावली नाही) बटण दाबलं. वरून छान वाफ निघाली. बोट उचललं. बटण उठलं नाही. वाफ चालूच. अंगठ्याने खरवडलं, बुड टेबलावर आपटलं, बटण तिथेच, आत रुतून बसलेलं. वरची तार लाल झाली, कापूस जळायला लागला, आणि आत तो सेल, ज्याच्याबद्दल मीच दर महिन्याला पोरांना सेफ्टीचं भाषण देतो की तापला तर फुटतो आणि फुटला तर विझत नाही. नळीचं वरचं टोक फिरवून उघडायला गेलो तर हात भाजला. पलंगावर चादर, खिडकीला पडदे, दारात माझी मुलगी. ती अभ्यासाचं पुस्तक हातात धरून अगदी शांतपणे म्हणाली, "अब्बा, इट इज स्मोकिंग बाय इटसेल्फ."

तिला ओरडून बाहेर घालवलं, उशीच्या अभ्र्यात नळी पकडली आणि बाल्कनीत पळालो. अस्माच्या कढीपत्त्याच्या कुंडीत, उन्हाने तापलेल्या मातीत ती बुडाकडून खुपसली आणि दाराआड उभा राहिलो. बाहेर सेहेचाळीस डिग्री. मी कलमा म्हणत होतो आणि मनात आकडेही मोजत होतो. अठ्ठावीसला मातीतून टक्‌ असा आवाज आला. वाटलं, गेलं सगळं. पण वाफ थांबली. बटण आपलं आपण सुटलं होतं.

जाऊन बोट लावलं तेव्हा उजेड पडला. एसीत खोबरेल गोठलं होतं. तुपासारखं घट्ट. गावी मी आयुष्यात खोबरेल गोठलेलं पाहिलं नाही, आणि इथे चोवीस वर्षं एसीत झोपून ते कधी ध्यानात घेतलं नाही. बटण त्या गोळ्यात फसलं आणि बाहेरच्या उन्हात तेल वितळल्यावर मोकळं झालं. ज्या उन्हाला मी रोज शिव्या देतो त्यानेच माझं घर वाचवलं.

तर सारांश असा की स्विच कामातून गेला. स्प्रिंगने मान टाकली, सुटा भाग यान्बूत मिळत नाही, जेद्दालाही मिळणार नाही, विचारत फिरू नका. मी पुष्कळ प्रयत्न केले. अस्मा तेव्हा नहाणीघरात होती, तिला यातलं काही कळलेलं नाही. तुम्ही नाराज होऊ नये, तब्येतीला जपावं, रोज समुद्रकाठी कॉर्निशवर थोडं चालावं.

तुमचा आज्ञेतला,
रफीक

ता. क. सुफियानबरोबर तुमच्या दुकानातली थोडे सुके बोंबील पाठवता आले तर पाठवा. इथले भुसकट असतात.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. चोवीस वर्षांत मी एकाही मशीनचा खोटा रिपोर्ट लिहिलेला नाही, आणि पहिला तुम्हाला पाठवायचा हे जमेना. स्प्रिंग ठणठणीत आहे. तेल पुसून काढलं, कापूस आणि तार बदलली, कोरडंच जोडलं, आणि एसीत आणि उन्हात मिळून चाळीस वेळा दाबून पाहिलं. एकदाही अडकलं नाही. नळी नव्यापेक्षा चांगली चालते.

तिसरा ता. क. आणि अस्मा नहाणीघरात नव्हती. मी मागे वळलो तेव्हा ती बाल्कनीच्या दारात उभी होती. कुंडीतून नळी तिनेच उपटली, पदराने माती पुसली आणि विचारलं, "ही भाईची हाय ना?" मी मान हलवली. मला वाटलं आता रडेल, निदान माझ्यावर तरी ओरडेल. पण ती एवढंच म्हणाली, "अब्बा मेले तवा मी नव वर्सांची होती. तवापास्ना भाईलाच अब्बा समजली. दोनदा बाप मरायला नको माजा."

भाई, तुम्हाला नाही म्हणायची छाती मला कालही नव्हती, आजही नाही, म्हणून मी नाही म्हणत नाही. मी नीट केली आणि तिच्या हातात दिली, एवढंच. तिने ती दागिन्यांच्या डब्यात ठेवली आहे, लग्नात तुम्ही घातलेल्या बांगड्यांशेजारी. नळी तुमची आहे, चालू आहे, मागायचा हक्कही तुमचा आहे. पाहिजे असेल तर तिला फोन करून मागा. गुरुवारी ती दिवसभर फोन हातात घेऊन बसणार आहे.